नातिचरामि आणि पाचशेचा बाँड

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे एक जुनी विद्यार्थिनी आली. जिंतूर तालुक्यातील एका खेड्यातली, बी. ए.ला मराठी घेऊन उत्तम गुणांनी उत्तीर्ण झालेली. साखरपुडा झाल्याचे आमच्या कानावर आले होते, त्यामुळे पत्रिका द्यायला आली असावी असे वाटले. तिने पिशवीतून काढला तो मात्र वहीचा एक कागद. त्यावर तिच्या वळणदार अक्षरात आठ-दहा ओळी होत्या. लग्नानंतर दोघांपैकी कोणीही बाहेर संबंध ठेवल्यास त्याने दुसऱ्याला पाच लाख रुपये द्यावेत, असा त्यांचा आशय. मुलगा तयार होता. मजकूर बाँडवर उतरवून नोटरी करून घ्यायचा होता. "वकिलाकडं जाण्याआधी भाषा तेवढी नीट करून द्या, सर. मॅडम, तुम्ही पण बघा. कोर्टात टिकेल अशी पाहिजे."

आम्ही दोघेही याच जिल्ह्यात महाविद्यालयात मराठी शिकवतो. मानपत्रे, श्रद्धांजलीचे मजकूर, दुकानांच्या पाट्या, लग्नपत्रिका अशी गावाची बारीकसारीक लेखनसेवा आमच्याकडे नेहमीच येते. लग्नाची अट प्रथमच आली होती.

तिच्या मागणीला कारण होते. तिच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याची, म्हणजे तिच्या दाजींची, एक भानगड काही वर्षांपूर्वी उघडकीस आली. पाहुणेरावळे बसले, बोलणी झाली आणि शेवटी शंभराच्या बाँडवर दाजींनी लिहून दिले की, यापुढे असे वर्तन करणार नाही. केल्यास होणाऱ्या परिणामांस मी जबाबदार राहीन. खाली चार पंचांच्या सह्या. वर्षाच्या आत सगळे पूर्ववत झाले. तो कागद अजून रेशनकार्डासोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे. "त्यात परिणाम काय ते लिहिलंच नव्हतं ना, मॅडम," ती म्हणाली. "म्हणून मी आकडा घातला." ज्या मुलीला आम्ही मजकुरातील मोकळ्या जागा वाचायला शिकवले, तिने त्या विद्येचा असा उपयोग केला होता.

कागद ठेवून ती गेली आणि आम्ही रात्री तो समोर घेऊन बसलो. पहिला अडसर शब्दाचाच आला. 'बाहेर संबंध' म्हणजे कशाच्या बाहेर? 'अनैतिक संबंध' हा वर्तमानपत्रांनी झिजवलेला शब्द. 'बाहेरख्याली' आपण पुरुषाला म्हणतो आणि त्यात थोडी कौतुकाची छटाही असते. स्त्रीसाठी भाषेकडे जे शब्द आहेत ते येथे लिहिण्याजोगे नाहीत. दोघांना सारखा लागू पडेल असा शब्द शोधताना लक्षात आले की, 'पतिव्रता' हे सामान्यनाम आहे. 'एकपत्नीव्रती' म्हटले की मात्र एकच विशेषनाम आठवते. उरला 'व्यभिचार'. हा शब्द रससिद्धान्त शिकवताना दरवर्षी वर्गात हशा पिकवतो, कारण तेहतीस व्यभिचारी भावांची यादी फळ्यावर लिहिताच मागच्या बाकांना जाग येते. काव्यशास्त्रात तो निष्कलंक आहे. स्थायी भावाच्या आश्रयाने येणारे-जाणारे ते व्यभिचारी. कायद्याच्या मराठीत तोच शब्द घटस्फोटाचे कारण होतो. मुळात धातू एकच, 'चर्'. आणि याच धातूपासून आलेला आणखी एक शब्द आमच्या घरात एकदा उच्चारला गेला होता: 'नातिचरामि'.

कन्यादानाच्या वेळी वधूपिता वराला बजावतो की, धर्मात, अर्थात आणि कामात हिला ओलांडून जाऊ नकोस. वर उत्तरतो, ओलांडणार नाही. म्हणजे ज्या अटीसाठी आमची विद्यार्थिनी वणवण करत होती, ती अट विधीत आधीपासून आहे. तिची कक्षा तर पाच लाखांच्या कागदाहून मोठी आहे, कारण तीत पैशाचा व्यवहारही आला. पण हा शब्द दोन पुरुषांमध्ये दिला-घेतला जातो. जिच्याविषयी तो आहे ती मध्ये बसलेली असते आणि तिला काही विचारले जात नाही. वचन मोडल्यास काय, याचाही उल्लेख नाही. आमच्या लग्नात आमच्यापैकी एकाने हा शब्द गुरुजींच्या मागोमाग उच्चारला आणि दुसरीने तो अंतरपाटाच्या गडबडीनंतर, दमलेल्या कानांनी ऐकला. अर्थ दोघांनाही ठाऊक होता, कारण दोघेही मराठीचे एम. ए. होते. तरी त्यावर आम्ही कधी बोललो नव्हतो.

जोतीराव फुले यांना ही मुकी जागा दिसली होती. सत्यशोधक समाज १८७३ साली स्थापन झाला आणि त्याच वर्षी त्या पद्धतीचे पहिले लग्न लागले. पुढे १८८७ साली समाजाची मंगलाष्टके आणि पूजाविधी पुस्तकरूपाने आले. त्या मंगलाष्टकांत वधूला स्वतःचा आवाज आहे. ती बोलते, मागते आणि वर तिला सर्वांसमक्ष शब्द देतो. करार करणारे दोघे समोरासमोर आले, हे आपल्याकडे विवाहाच्या इतिहासात घडलेले मोठे परिवर्तन होय. शिक्षा मात्र तेथेही नव्हती. शब्द आणि साक्षीदार, एवढेच.

दुसऱ्या दिवशी परभणीला न्यायालयात काम असलेल्या एका परिचित वकिलांना आम्ही विचारले. त्यांनी कागद वाचला, अक्षराचे कौतुक केले आणि सांगितले की, हे टिकणार नाही. का टिकणार नाही, हे त्यांनी आम्हाला विद्यार्थ्यांसारखे समजावून दिले. त्यानंतर आम्ही जे वाचले त्याचा सारांश असा.

१८७२ च्या भारतीय करार कायद्यातील कलम २३ सांगते की, ज्या कराराचा हेतू अनैतिक किंवा सार्वजनिक धोरणाविरुद्ध असेल तो निरर्थक. हिंदू विवाह हा संस्कार. त्याचे हक्क आणि कर्तव्ये आधीच ठरलेली. ती पक्षकारांनी आपापसांत बदलायची नाहीत, ही न्यायालयांची जुनी भूमिका. कलकत्ता उच्च न्यायालयापुढे १९०१ साली आलेले एक प्रकरण या संदर्भात नेहमी सांगितले जाते. पत्नीला तिच्या माहेरघरातून कधीही नेणार नाही, असे नवऱ्याने लग्नाआधी लिहून दिले होते. न्यायालयाने तो करार मानला नाही. बेवफाईची किंमत ठरवणारा करार तर आणखी अडचणीचा. आणि समजा, एखाद्या न्यायाधीशाने तो करार म्हणून मानलाच, तरी कलम ७४ आडवे येते. करारात लिहिलेला दंडाचा आकडा ही केवळ कमाल मर्यादा. तिच्या आत वाजवी भरपाई किती, ते न्यायालय ठरवणार. विश्वास गेल्याची वाजवी भरपाई कोणत्या तराजूत मोजायची?

गोव्याचे उदाहरण आम्हाला आशादायक वाटले होते. पोर्तुगीजांच्या १८६७ च्या दिवाणी संहितेपासून चालत आलेल्या तेथील कायद्यात लग्नाआधी नोटरीसमोर करार करता येतो. पण तो मालमत्तेपुरता. संपत्ती सामाईक ठेवायची की वेगळी, हे वधूवर ठरवू शकतात. पती-पत्नींची परस्पर कर्तव्ये बदलणारी अट त्या संहितेनेही न लिहिल्यासारखीच मानली. दूर कॅलिफोर्नियातला २००२ सालचा एक निवाडा तर आमच्या विद्यार्थिनीच्या बहिणीच्या गोष्टीशी विलक्षण जुळणारा आहे. नवऱ्याचे प्रकरण उघडकीस आल्यावर त्या जोडप्याने करार केला की, पुन्हा असे घडल्यास चुकणाऱ्याने पन्नास हजार डॉलर द्यावेत. पुन्हा घडले. न्यायालयाने पैसे देववले नाहीत, कारण तेथील घटस्फोटाचा कायदा दोष कोणाचा हे विचारतच नाही. मग दोषाचा दंड न्यायालयाने का वसूल करावा? आपल्याकडे नकार मिळतो तो विवाह पवित्र म्हणून आणि तिकडे मिळतो तो दोष हा सरकारी प्रश्न उरला नाही म्हणून. दोन विरुद्ध वाटांनी दोन्ही न्यायालये एकाच दारात उभी राहतात.

आपल्याकडचा नकार मात्र पूर्ण सुसंगत नाही. आपला कायदा दोष विचारतो. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात व्यभिचार हे घटस्फोटाचे कारण होते आणि आहे. १९७६ च्या दुरुस्तीपूर्वी 'व्यभिचारात राहणे' सिद्ध करावे लागे, नंतर एक कृत्यही पुरेसे झाले. याहून महत्त्वाचे म्हणजे, पोटगीच्या कायद्यात निष्ठेची एक अट पैशासकट आधीच लिहिलेली आहे आणि ती कोणाही वधूला विचारून घातलेली नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये, व्यभिचारात राहणाऱ्या पत्नीचा पोटगीचा हक्क जातो. नवऱ्याने दुसरी बाई ठेवली असेल तर त्याच कलमानुसार पत्नीने त्याच्यासोबत राहण्यास नकार देणे रास्त ठरते. म्हणजे तिची पोटगी शाबूत राहते, पण त्याला वेगळा भुर्दंड काही नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ मध्ये ही अट दोघांनाही आहे, तरी तेथील शब्दयोजना भाषेच्या अभ्यासकाने पाहावी अशी आहे. पतीच्या बाबतीत कायदा विवाहबाह्य संभोग या कृत्याविषयी बोलतो. पत्नीच्या बाबतीत ती शीलवती राहिली का, असे विचारतो. एकाचे वर्तन तपासायचे, दुसरीचे चारित्र्य. सामान्यनाम आणि विशेषनाम यांचा आमचा रात्रीचा शोध कायद्याच्या पुस्तकात येऊन पोचला होता.

फौजदारी कायद्यातील कलम ४९७ ची कथा तर मराठी घरातलीच म्हणावी लागेल. या कलमाने परपत्नीशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषाला गुन्हेगार ठरवले होते. तक्रार करायची ती तिच्या नवऱ्याने, आणि नवऱ्याची संमती असेल तर गुन्हाच नाही. फसवल्या गेलेल्या पत्नीला त्यात स्थान नव्हते. मुंबईतून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली हे कलम वैध ठरवले. १९८५ साली पुन्हा आव्हान आले, तेव्हा सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी ते टिकवले. २७ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींनी एकमताने ते रद्द केले आणि त्या पाचांत त्यांचे पुत्र धनंजय चंद्रचूड होते. स्त्री ही नवऱ्याची मालमत्ता नव्हे, हे म्हणायला एका घराला तेहतीस वर्षे लागली, असे आम्ही वर्गात सांगतो. पण बाकीच्या घरांची वर्षे कोणी मोजलेली नाहीत. व्यभिचार आता गुन्हा नाही, घटस्फोटाचे कारण तेवढा आहे.

आमच्या परभणीत निकाहनाम्याचीही जुनी परंपरा आहे, हे विसरून चालणार नाही. मुस्लिम विवाह हा करारच असल्याने त्यात अटी घालता येतात. पतीने दुसरा निकाह केला तर स्वतःहून तलाक घेण्याचा अधिकार पत्नीकडे राहील, अशी अट विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातच कलकत्ता उच्च न्यायालयाने ग्राह्य धरली होती. ती अट टिकली, याचे कारण तिच्या रचनेत आहे. तीत दंड नाही, दार आहे. पतीला रोखण्याची किंवा त्याच्याकडून वसुली करण्याची भाषा न करता, तो वचन ओलांडून गेल्यावर पत्नीलाही बाहेर पडता येईल, एवढेच ती सांगते. प्रत्यक्षात किती निकाहनाम्यांत ही अट भरली जाते, हा प्रश्न वेगळा आणि दुःखाचा.

हिंदू घरांत तर दुसरेपणाची अडचण मुळातून होती. मुंबई प्रांतात द्विभार्याबंदी १९४६ साली आली, पण परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती. देशभर ही बंदी आली ती १९५५ च्या कायद्याने. आमच्या आज्यांच्या पिढीला सवत हा शब्द ओवीतून भेटला नाही, तो माजघरातून भेटला आणि मग ओवीत गेला.

एवढे वाचून झाल्यावर त्या कागदाविषयी आमची शंका वेगळ्या दिशेने वाढू लागली. पाच लाखांची अट राबवायची तर पुरावा हवा. पुरावा हवा तर पाळत हवी. पती-पत्नींमधील चोरून ध्वनिमुद्रित केलेले संभाषण घटस्फोटाच्या दाव्यात पुरावा म्हणून घेता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिला आहे. म्हणजे अट लिहिणारे हात फोनपर्यंत पोचायला फार वेळ लागणार नाही. निष्ठेचे रक्षण करणारा कागद पहिल्या दिवसापासून घरात एक पहारेकरी बसवील.

आणि येथे आम्हाला आमच्याविषयी थोडे लिहिणे भाग आहे. आमच्याही संसारात एक वर्ष असे होते. काय झाले, कोणाकडून झाले, हे येथे सांगणार नाही. 'आम्ही' या सर्वनामाची एवढी सोय आम्ही वापरून घेतो. त्या वर्षी आमच्यापाशी असा कागद असता, तर दुखावलेल्याने तो नक्की बाहेर काढला असता आणि पाच लाखांचा प्रश्न सुटेपर्यंत दुसरा कोणताही प्रश्न विचारला गेला नसता. कागद नव्हता म्हणून बोलावे लागले. ते बोलणे फार वाईट होते आणि कित्येक महिने चालले. कायदा या जागेला ओळखतो, हे वाचून आम्हाला नवल वाटले. व्यभिचाराला माफी दिली असेल तर त्याच कारणावर घटस्फोट मागता येत नाही. १९७५ च्या दास्ताने खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या माफीचा अर्थ उलगडला. प्रकरण क्रूरतेचे होते आणि निकाल लिहिणारे पुन्हा यशवंत चंद्रचूडच. माफी म्हणजे चुकलेल्याला पूर्वीच्या जागी परत घेणे, पण ती सशर्त असते. पुन्हा अपराध घडला तर जुना अपराधही जागा होतो. न लिहिलेली अशी एक अट आम्ही गेली काही वर्षे पाळत आलो आहोत, हे आम्हाला एका निकालपत्राने सांगितले.

पण हे आमचे झाले. आम्हा दोघांनाही पगार आहे, घर दोघांच्या नावावर आहे. बोलणे परवडले ते त्यामुळे. जिंतूरच्या त्या थोरल्या बहिणीला काय परवडणार होते? तिच्या नावावर ना जमीन, ना घर. दाजींनी बाँड मोडला तेव्हा तिला जायला जागा नव्हती, म्हणून तो मोडला की नाही याला अर्थच उरला नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली होती. शेतकऱ्यांनी आपणहून पत्नीच्या नावे जमीन करून द्यावी, अशी ती हाक होती. त्या मोहिमेत निष्ठेचा शब्द नव्हता. तरी नवऱ्याच्या निष्ठेवर ज्यांचे जगणे टांगलेले असते, त्यांच्या बाजूने निष्ठेच्या साऱ्या अटींहून अधिक काम सातबाऱ्यावरचे एक नाव करते, असे आम्हाला आज वाटते.

म्हणून विद्यार्थिनी पुन्हा आली तेव्हा आम्ही तिच्यापुढे वेगळी यादी ठेवली. लग्नाची नोंदणी लगेच करून घे. हुंडाप्रतिबंधक कायद्याखालील १९८५ च्या नियमांनुसार लग्नात मिळालेल्या भेटवस्तूंची यादी करायची असते, वस्तू, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव आणि वधूवर दोघांच्या सह्या. ती कोणी करत नाही, तू कर. स्त्रीधन तुझेच आहे, त्याच्या पावत्या तुझ्याजवळ ठेव. घर घ्याल तेव्हा दोघांच्या नावे घ्या. हे कागद कोर्टात टिकतात. पाच लाखांचा टिकणार नाही. शिवाय तो आता शंभरावर होतही नाही. २०२४ च्या ऑक्टोबरपासून महाराष्ट्रात अशा बाँडला पाचशे रुपये लागतात.

तिने सगळे शांतपणे ऐकले, यादी उतरवून घेतली. मग म्हणाली, "हे सगळं करते, सर. पण तो पण कागद पाहिजे. कोर्टात नाही टिकला तरी चालंल. ताईच्या बाँडवर मजकूर बाँडवाल्यानं लिहिला होता, दाजींनी नुसती सही केली. ह्यानं स्वतःच्या हातानं लिहिलेलं पाहिजे. आणि मी पण लिहिणार."

आमच्याकडे याला उत्तर नव्हते. दोन दिवस आम्ही जी अट कायद्याच्या अंगाने तपासली, ती तिने कायद्यासाठी घातलीच नव्हती, किंवा निदान आता तिला त्याची गरज राहिली नव्हती. मंगलाष्टकांत वधूला बोलते करणाऱ्या जोतीरावांच्या ती आमच्यापेक्षा अधिक जवळ होती.

पुढच्या रविवारी ती होणाऱ्या नवऱ्याला घेऊन आली. मुलगा संकोची, शेती आणि जोडीला कृषिसेवा केंद्र पाहणारा. आकडा काढून टाकायला दोघेही लगेच तयार झाले. शब्दापाशी मात्र पुन्हा अडले. 'व्यभिचार' त्याला लिहवेना. शिवी दिल्यासारखे वाटते, म्हणाला. आम्ही सुचवलेले 'एकनिष्ठ' त्याला पुस्तकी वाटले. बराच वेळ पेन हातात धरून त्याने शेवटी लिहिले: 'मी तुला चोरून काही करणार नाही.' तिने ते वाचले आणि खाली आपल्या हाताने तेच वाक्य लिहिले.

वाक्य आम्ही दुरुस्त केले नाही. कायद्याच्या दृष्टीने ते अगदी सैल आहे. 'काही' म्हणजे काय, हे कोणताही वकील विचारील. ते गेल्यावर आम्ही दोघे चहाचे कप तसेच ठेवून बराच वेळ बसून होतो. आमच्या लग्नाला सतरा वर्षे झाली. त्या वाक्याखाली आम्हाला आमच्या सह्या करता आल्या असत्या का, हे आम्ही एकमेकांना विचारले. जे उत्तर मिळाले ते आमच्यापाशी आहे.